तळहाताएवढ्या संगणकाची कुळकथा

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा मोठमोठ्या यंत्रांचा इतिहास म्हणून शिकविला जातो. खोलीभर पसरलेली कपाटे, त्यांतील हजारो व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग चिप, आणि शेवटी टेबलावरचा संगणक. परीक्षेत पिढ्या लिहा असा प्रश्न येतो, विद्यार्थी पाचही पिढ्या लिहितात आणि पूर्ण गुण घेतात. परंतु या घराण्याची एक धाकटी पातीही आहे व तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एकाच पाटीवर सर्व सुटे भाग डाखलेले, पेटी नाही, पडदा नाही, किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली, अशा संगणकांची ही पाती होय. इंग्रजी पुस्तकांत यास सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. आपण सोयीसाठी एकपाटी संगणक म्हणू. आज घरातील दिवे ठराविक वेळी लावणे, पाण्याच्या टाकीची पातळी पाहून पंप बंद करणे, साध्या टीव्हीवर घरातील फोटो व चित्रपट दाखविणे, अशी कामे हौशी मंडळी याच पाटीकडून करवून घेतात. ही गोष्ट एकाएकी घडलेली नाही. तिच्यामागे साठ वर्षांची धडपड आहे, आणि त्या धडपडीत किमतीचा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा आहे.

घरकामासाठी संगणक वापरण्याचा एक अगदी आरंभीचा प्रयत्न अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १९६६ साली झाला. वेस्टिंगहाऊस कंपनीत काम करणाऱ्या जेम्स सदरलँड या अभियंत्याने कंपनीतील टाकाऊ सुटे भाग जमवून स्वतःच्या घरी एक यंत्र उभारले. त्याचे नाव एको फोर. घरातील तापमान राखणे, उपकरणे चालू-बंद करणे, बाजारहाटाची यादी तयार करणे अशी कामे त्याच्याकडून अपेक्षित होती. या यंत्राचे वजन सुमारे ८०० पौंड, म्हणजे जवळजवळ ३६० किलो होते. हा आकडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल. एको फोर बाजारात कधीच आले नाही. ते एका माणसाच्या हौसेचे फळ होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेतील नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या सूचिपत्रात हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ झळकला. किंमत १०,६०० डॉलर. त्यात पाककृती साठविलेल्या असतील असे सांगण्यात आले होते. परंतु यंत्राला आज्ञा द्यायची ती लहान लहान खटके वरखाली करून, आणि उत्तर वाचायचे ते दिव्यांच्या उघडझापीवरून, तेही द्विमान पद्धतीत! ते शिकण्यासाठी दोन आठवड्यांचा वर्ग किमतीत समाविष्ट होता. असा एकही संगणक विकला गेल्याची नोंद सापडत नाही. ज्यांनी ही योजना आखली ते कधी स्वयंपाकघरात उभे राहिले असतील असे वाटत नाही. फोडणी जळत असताना खटके मोजत बसणारी गृहिणी कोणत्या देशात सापडणार?

खरा उपयोगी मार्ग स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने दाखविला. त्यांचा दहावा प्रकल्प म्हणून त्याला एक्स-टेन असे नाव पडले. साल १९७५. कल्पना मोठी युक्तीची होती. घरात विजेच्या तारा तर आधीच भिंतीभिंतींतून गेलेल्या आहेत. मग निरोप पाठविण्यासाठी निराळ्या तारा कशाला? आपल्या घरातील प्रवाह सेकंदाला ठराविक वेळा दिशा बदलतो आणि प्रत्येक बदलाच्या क्षणी त्याचा दाब शून्य होतो. नेमक्या त्या शांत क्षणी फार जलद कंपनांचा एक बारीकसा झटका तारेवर सोडायचा. झटका असला तर एक, नसला तर शून्य. अशा एक-शून्यांतून दिव्याचा क्रमांक आणि ‘चालू हो’ वा ‘बंद हो’ ही आज्ञा तयार होते. घरासाठी १६ खुणा आणि उपकरणांसाठी १६ खुणा, म्हणजे एकूण २५६ पत्ते. उणीव एवढीच की मूळच्या साध्या दिव्याकडून उलट उत्तर येत नसे. आज्ञा पोहोचली की नाही हे जाऊन पाहावे लागे. आणि शेजाऱ्याने तीच घरखूण निवडली असेल तर कधी कधी त्याच्या बटणाने आपला दिवा लागे.

येथवर आज्ञा कशी पोहोचवावी हे सुटले. आता आज्ञा देणारे डोके स्वस्त व्हायचे होते. ते काम एका चिपने केले. १९७५ साली एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीने ६५०२ नावाचा मायक्रोप्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला विकावयास काढला. त्या वेळी इतर कंपन्यांच्या तशाच चिपा कितीतरी पट महाग होत्या. आपली चिप अभियंत्यांना वापरून पाहता यावी म्हणून पुढील वर्षी, १९७६ साली, कंपनीने किम-वन ही तयार पाटी २४५ डॉलरला काढली. तीवर लहानसा कळफलक, लाल आकड्यांची सहा घरे आणि १ किलोबाइट स्मृती. एक किलोबाइटमध्ये या लेखाचा एक परिच्छेदही मावणार नाही! कंपनीने ती अभियंत्यांसाठी केली, पण घेतली मात्र हौशी लोकांनीही. एकपाटी संगणकाचे घराणे येथून मोजावयास हरकत नाही.

आपल्याकडील तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. प्रयोगशाळेत ‘८०८५ चे किट’ म्हणून जी पाटी असे, ती याच जातीची. सोळाच्या पायाच्या आकड्यांत एकेक आज्ञा कळ दाबून भरावयाची, एक कळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणे खरे, पण त्या पाटीवर शिकलेल्या मुलाला संगणकाच्या पोटात काय चालते हे आयुष्यभर विसरता येत नाही.

आता इंग्लंडमधील केंब्रिज शहराकडे वळू. या कथेचा मोठा भाग तेथेच घडला. सोफी विल्सन या तेथील विद्यार्थिनीने कॉलेजच्या सुट्टीत ६५०२ चिप वापरून एक छोटा नियंत्रक तयार केला. तो कशासाठी? गाईंना चारा नेमका मापून घालण्यासाठी! पुढे एकॉर्न या केंब्रिजच्या कंपनीने १९७९ साली जो आपला पहिला संगणक विक्रीस आणला, त्याचा आराखडाही विल्सन यांचाच. गोठ्यातल्या कामासाठी केलेल्या विचारातून संगणकाचा कारखाना उभा राहावा, ही गंमत आमच्या शेतकरी पालकांनी आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

त्याच सुमारास बीबीसीने देशातील लोकांना संगणकाची ओळख करून देण्याचा कार्यक्रम हाती घेतला व त्यासाठी एकॉर्नचा संगणक निवडला. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आला. मॉडेल ए आणि मॉडेल बी असे त्याचे दोन प्रकार होते. सुमारे १२,००० विकले जातील असा अंदाज होता. प्रत्यक्षात पंधरा लाखांच्यावर खपले. या संगणकाचे वैशिष्ट्य असे की तो चालू केला की पडद्यावर खेळ वा चित्रे येत नसत. बेसिक भाषेत आज्ञा लिहा, अशी वाट पाहत तो थांबे. मुलाला काही करून घ्यायचे तर लिहिणे भागच. शिवाय बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी त्याला जागा ठेवलेल्या होत्या. शाळेतील मुले तेथे दिवे, मोटारी, तापमापक जोडून पाहत.

हाच बीबीसी मायक्रो आपल्या देशातही आला. १९८४ साली भारत सरकारने शाळांतील संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ ही योजना सुरू केली. आरंभी सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना हे संगणक देण्यात आले. त्या काळच्या मानाने हे पाऊल धाडसाचे होते यात शंका नाही. परंतु महागडी वस्तू शाळेत आली की तिचे काय होते हे शिक्षकाला वेगळे सांगावयास नको. ती कुलपात जाते. आमच्या शाळकरी वयापर्यंत संगणक पुष्कळ स्वस्त झाले होते, तरीही संगणक-कक्षात जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, यंत्रावर कापडी आच्छादन असे, आणि एका कळफलकाभोवती पाच जण उभे राहत. हात लावायला मिळे तो पहिल्या बाकावरच्याला. मोडेल या भीतीपुढे शिकणे मागे पडते. शेवटी प्रश्न बुद्धीचा नसून किमतीचा होतो.

केंब्रिजमध्ये दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या जोडीने एकॉर्नसाठी नवा प्रोसेसर आखला. त्याचे नाव आर्म. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि चालूही लागली. फर्बर यांनी तिला किती वीज लागते हे मोजावयास मीटर लावला, तर काटा शून्यावर! शोध घेता कळले की पाटीवरील दोषामुळे चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता; इतर तारांतून येणाऱ्या संकेतांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती. इतकी काटकसर करणारी चिप पुढे बॅटरीवरच्या उपकरणांना आदर्श ठरली, यात नवल ते काय! आज आपल्या खिशातील मोबाइल बहुधा आर्म जातीच्याच प्रोसेसरवर चालतो.

१९९० नंतर घरोघरी पीसी आले, पण एक नुकसान झाले. हा संगणक चालू केला की तयार खिडक्या, तयार खेळ, तयार कार्यक्रम. शिवाय तो सगळ्या घराचा एकच. त्यावर वडिलांचा हिशेब, बहिणीचा अर्ज. त्याच्याशी खेळून तो बिघडविण्याची परवानगी मुलाला कोण देणार? याचा परिणाम केंब्रिज विद्यापीठात २००६ च्या सुमारास दिसून आला. संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्यांची संख्या घटत चालली होती आणि जे येत त्यांना पूर्वीच्या मुलांसारखी यंत्राशी झटापट केलेली नव्हती. एबेन अप्टन हे तेव्हा तेथील एका महाविद्यालयात संगणकशास्त्राचे काम पाहत होते. त्यांनी २००६ साली एका साध्या चिपवर, हाताने तारा डाखून एक नमुना तयार केला. पुढे रॉब मलिन्स, जॅक लँग, ॲलन मायक्रॉफ्ट, पीट लोमास व डेव्हिड ब्रेबन यांच्यासह एक धर्मादाय संस्था स्थापन झाली. तिचे नाव रास्पबेरी पाय फाउंडेशन. जुन्या संगणक कंपन्यांना फळांची नावे देण्याची चाल होती, त्यावरून रास्पबेरी. आणि पायथन या संगणक भाषेवरून पाय.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी ही पाटी विक्रीस आली. मॉडेल बी ची किंमत ३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,७०० रुपये. ए आणि बी ही नावे बीबीसी मायक्रोच्या आठवणीने ठेवलेली. मागणी अशी लोटली की विक्रेत्यांची संकेतस्थळे कोलमडली. संस्थेच्या मंडळींनी आरंभी काही हजार पाट्यांचा विचार केला होता. सप्टेंबर २०१६ पर्यंत एक कोटी विकल्या गेल्या. पाटीचा आकार बँकेच्या कार्डाएवढा, वजन ४५ ग्रॅम. आता एको फोरचे ३६० किलो आठवा व भागाकार करा: उत्तर ८,००० येते.

येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. पाटीवरील चिप मुळात शाळेसाठी घडविलेली नव्हती. चित्रे व चलचित्रे झपाट्याने दाखविणे हे तिचे खरे काम. त्यामुळे शिक्षणासाठी घेतलेली पाटी अनेकांनी सरळ टीव्हीमागे लावली. २००३ च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी काही हौशी लोकांनी एक मोफत कार्यक्रम लिहिला होता. खेळयंत्रावर चित्रपट, गाणी, फोटो सारे एका जागी पाहता यावे हा त्याचा हेतू. तोच पुढे रास्पबेरी पायवर आणण्यात आला आणि २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जाऊ लागला. जुना टीव्ही, एक पाटी, एक स्मृतिकार्ड, झाली घरची माध्यमपेटी. मात्र किंमत खाली ठेवण्यासाठी संस्थेने डीव्हीडीच्या पद्धतीची चित्रे उलगडण्याचा परवाना आरंभी दिलाच नव्हता. ऑगस्ट २०१२ पासून ज्याला हवा त्याने २ पौंड ४० पेन्स भरून तो वेगळा घ्यावा अशी सोय केली. ज्याला नको त्याच्यावर बोजा का, हा हिशेब आपल्या कुठल्याही काटकसरी घरात पटण्यासारखा आहे.

घरकामाकडे येऊ. पाटीच्या कडेला सुयांसारख्या पिना असतात. पहिल्या पाटीवर २६ होत्या, २०१४ च्या बी प्लसपासून ४० झाल्या. कार्यक्रमातून आज्ञा दिली की एखाद्या पिनेवर ३.३ व्होल्ट दाब येतो वा जातो. एवढ्याशा दाबावर घरातील दिवा लागणार नाही. म्हणून मध्ये रिले घालतात: पिनेचा संकेत एका छोट्या परिपथामार्फत विद्युतचुंबकाला जागे करतो, चुंबक खटका ओढतो, आणि तो खटका दिव्याचा मोठा प्रवाह जोडतो. पालकांना येथे आग्रहाने सांगावेसे वाटते की मुलांनी ५ व्होल्टवरचे दिवे, छोटी मोटार, तापमापक यांवर हवे तेवढे प्रयोग करावेत. २३० व्होल्टच्या तारेला जाणत्या वायरमनशिवाय हात लावू नये. पिनेवर जास्त दाब दिला तर पाटी जळते, पण ती पुन्हा आणता येते.

आपल्याकडील लोकांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाटी लिहिण्याच्या कामात असताना वीज गेली तर स्मृतिकार्डावरील मजकूर खराब होऊ शकतो. भारनियमनाच्या गावात बॅटरीची सोय हवीच. दुसरे असे की २०२३ च्या पाचव्या पिढीपूर्वीच्या पाट्यांवर घड्याळ नाही. वीज गेली की त्यांना वेळेचा विसर पडतो व ती इंटरनेटवरून विचारून घ्यावी लागते. पहाटे पाचला पंप सुरू कर असे सांगून आपण झोपलो आणि रात्री वीज गेली, इंटरनेटही नसले, तर पंप भलत्याच वेळी सुरू व्हायचा.

हे सर्व दिवे-पंप एकत्र सांभाळण्यासाठी पॉलस शौटसेन यांनी २०१३ साली होम असिस्टंट हा मोफत कार्यक्रम लिहावयास घेतला. पाटीवर तो चालतो, घरातच राहतो. २०१४ साली शांघायच्या एका कंपनीची ईएसपी ८२६६ ही अतिशय स्वस्त वायफाय चिप बाजारात आली, आणि प्रत्येक खोलीत एक लहान चिप व मध्यभागी एक पाटी अशी रचना सर्वसामान्यांना परवडू लागली. या चिपा पाटीशी ज्या पद्धतीने बोलतात ती एमक्यूटीटी पद्धत मुळात १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली होती. वाळवंटातल्या नळाची भाषा आता बैठकीच्या खोलीतला दिवा बोलतो!

तयार यंत्रे दुकानात मिळत असताना ही खटपट का करावी, असे काही पालक विचारतात. याचे उत्तर एका घटनेत आहे. रिव्हॉल्व्ह नावाचे घरनियंत्रणाचे यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला विकले जात असे. ती कंपनी नेस्टने २०१४ साली विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्यामागची सेवा बंद केली. यंत्र दूरच्या सर्व्हरवर अवलंबून होते. त्यामुळे लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतलेली, कोठेही न मोडलेली यंत्रे एका दिवसात निरुपयोगी झाली. स्वतः जोडलेल्या पाटीचे तसे होत नाही; तिच्यातील कार्यक्रम आपल्याच घरात असतो आणि तो उघडून वाचता येतो.

स्वस्ताई मात्र कायम टिकली असे नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाय झिरो ही ५ डॉलरची पाटी निघाली तेव्हा ती एका मासिकाच्या मुखपृष्ठाला चिकटवून फुकट वाटली गेली होती. २०२१ नंतर चिपांची जगभर टंचाई झाली, आणि २०२३ पर्यंत पाट्या मिळेनाशा होऊन काळ्या बाजारात दुप्पट-तिप्पट भावाने जाऊ लागल्या. जून २०२४ मध्ये संस्थेच्या व्यापारी शाखेचे शेअर लंडनच्या बाजारात आले, आणि २०२५ मध्ये स्मृतीच्या चिपा महागल्याने अनेक पाट्यांच्या किमती वाढविण्यात आल्या. ज्याला केवळ एक दिवा वा पंप चालवायचा आहे त्याने मोठी पाटी न घेता पायको ही जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला निघालेली लहान पाटी पाहावी.

नोव्हेंबर २०२० मध्ये, जगभर मुले घरीच अडकलेली असताना, संस्थेने पाय ४०० नावाचा संगणक ७० डॉलरला आणला. त्यात पाटी वेगळी दिसत नाही. सारा संगणक कळफलकाच्या आत आहे, आणि तो घरच्या टीव्हीला जोडावयाचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या बीबीसी मायक्रोचीच ती ठेवण. मागच्या बाजूला दिवे, मोटारी व तापमापक जोडण्यासाठी त्या चाळीस पिनाही तशाच उघड्या ठेवलेल्या आहेत.